सोयाबीनची बीजप्रक्रिया: ड्रममध्ये काय, किती आणि कोणत्या क्रमानं

मृग लागायच्या आठ-दहा दिवस आधी मला फोन यायला सुरुवात होते. बहुतेक फोन नागपुरात नोकरी करणाऱ्यांचे, वडिलांनंतर उमरेडकडं नाहीतर कुहीकडं पाच-सात एकर वावर अंगावर आलेलं, शनिवार-रविवार गावाला जाऊन शेती करून राहिले, आणि प्रश्न एकच, भाऊ ते सोयाबीनला पेरायच्या आधी काय काय लावायचं असते, दुकानदारानं चार डबे हातात दिले, आता यातलं आधी कोणतं? दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून या वर्षी लिहूनच काढलं.

सगळ्यात आधी एक गैरसमज. दुकानात "हे लावा, पावसानं दांडी मारली तरी झाड तगते" असं सांगून बाटल्या खपवतात. बियाण्याला लावलेलं कोणतंही औषध ऑगस्टमध्ये पाणी आणून देत नाही. ते करते काय, तर पहिले तीन-चार आठवडे कोवळं मूळ सडू देत नाही, खोडमाशीला आत शिरू देत नाही, आणि मुळावर गाठी (हवेतलं नत्र झाडाला देणाऱ्या जिवाणूंच्या) लवकर धरवते. आता आपल्याकडची काळी जमीन तुम्ही पाहिली असेल, पावसानं आठ-दहा दिवस ओढ दिली की वरचा थर कडक होऊन भेगा पडायला लागतात पण वीतभर खाली उकरलं तर ओल असते. म्हणजे ज्याचं मूळ खालपर्यंत गेलं तो तगला, ज्याचं मूळ वरच अडकलं किंवा अर्धं सडलं तो दुपारी मान टाकतो. दुष्काळ सहन करण्याची ताकद बीजप्रक्रियेतून मिळते ती या वाटेनं मिळते, दुसरी कोणतीही जादू नाही.

२०२३ आठवून बघा. २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपूर शहरात पाणी शिरलं ते सगळ्यांना आठवते, पण त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता हे वावर असलेल्यांनाच आठवते. त्या हंगामात विदर्भात कित्येक ठिकाणी सोयाबीन पिवळं पडून शेंगा भरायच्या आधीच वाळलं. काही ठिकाणी पांढऱ्या माशीमुळं येणारा पिवळा मोझॅक हा विषाणूरोग होता, काही ठिकाणी मूळकूज आणि खोडकूज. त्यातला एक प्रकार, ज्याला चारकोल रॉट म्हणतात, तो नेमका कोरडं आणि गरम पडलं की उसळतो. वाळलेलं झाड उपटून मुळाच्या वरचा भाग नखानं चिरा, आत कोळशाची भुकटी उडवल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात. बुरशी जमिनीत असतेच आणि बियाण्यावरूनही येते, झाड तहानेनं अशक्त झालं की तिला मोकळं रान. म्हणून बुरशीनाशक लावणं हे पावसाच्या खंडाशीही जोडलेलं काम आहे, नुसतं उगवणीपुरतं नाही.

ड्रम काढायच्या आधी उगवण बघा

ही पायरी लोक सोडतात आणि नंतर औषधाला शिव्या देतात. मेलेल्या बियाण्याला कितीही भारी औषध लावा, उगवणार नाही. घरचं बियाणं असो की विकतचं, सगळ्या बॅगांमधून वरचं, मधलं, खालचं असं मूठ-मूठ घेऊन मिसळा, त्यातले न निवडता १०० दाणे मोजा (चांगले चांगले दाणे वेचून टेस्ट करू नका, स्वतःलाच फसवणं आहे ते). जुन्या पेपरचे चार पदर ओले करून त्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पेपर वाळू लागला की पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी उघडून सरळ, निरोगी कोंब आलेले दाणे मोजा. वाकडेतिकडे, अर्धवट, बुरशी लागलेले मोजायचे नाहीत. गोणपाटावरही हेच होते, पण मला पेपर सोपा वाटतो कारण गुंडाळी किचनच्या ओट्याच्या कोपऱ्यात मावते.

७० च्या वर आले तर एकरी ३० किलो बियाणं पुरे. हा आकडा कुठून येतो तेही सांगतो, म्हणजे पाठ करायची गरज नाही. जेएस ३३५ सारख्या वाणाचे १०० दाणे साधारण १२ ग्रॅमचे धरले तर ३० किलोत अडीच लाख दाणे झाले, त्यातले ७० टक्के उगवले तर पावणेदोन लाख झाडं, आणि ४५ सेंटीमीटर बाय ५ सेंटीमीटरवर एका एकरात तेवढीच झाडं बसतात. उगवण ६० आली तर ३५ किलो लागेल. ६० च्याही खाली असेल तर ते बियाणं मार्केटला जाऊ द्या, पेरू नका. दाणा मोठा असलेल्या वाणाला हेच गणित थोडं वर सरकते.

सोयाबीन स्वतःच्याच परागावर बी धरते, त्यामुळं घरचं बियाणं दोन-तीन वर्षं आरामात चालते, दरवर्षी नवी बॅग घ्यायलाच पाहिजे असं नाही. फक्त दाण्याची साल फार पातळ असते आणि कोंब सालीच्या अगदी खालीच असतो. पोतं ट्रॉलीतून धाडकन खाली टाकलं की आतल्या कित्येक दाण्यांचा जीव गेला समजा, आणि वरून बघून काहीच कळत नाही.

पाण्याचा घोळ, म्हणजे माझा पहिल्या वर्षाचा पराक्रम

मी पहिल्या वर्षी काय केलं, पुडीवर लिहिलेलं नीट न वाचता घमेल्यात पावडर टाकली, मगभर पाणी ओतलं, छान लालभडक रंग झाला, मग बियाणं त्यात टाकून दोन्ही हातांनी चोळलं. पंधरा मिनिटांत दाणे फुगले, सालीवर सुरकुत्या पडल्या, काही दाण्यांची साल तर हाताला चिकटून आली आणि आतून पिवळ्या डाळी वेगळ्या झाल्या. शेजारच्या वावरातले काका बांधावर उभे राहून बघत होते, म्हणाले, "काहून रे, भजे तळाचे आहे का?" मी तरी तेच पेरलं. पेरणी यंत्राच्या नळ्या चोंदल्या, निम्म्या तासांत (म्हणजे पेरणीच्या ओळींत) बी पडलंच नाही, आणि पडलं त्यातलंही अर्धं उगवलं नाही. दुबार पेरणी. बियाण्याचे, ट्रॅक्टरचे, मजुराचे पैसे दोनदा.

तर नियम असा धरा की सोयाबीनचं बियाणं भिजवायचं नाही, फक्त ओलसर करायचं. हरभरा, गहू रात्रभर भिजवून पेरतात, ती गोष्ट इथं आणू नका, सोयाबीन पाणी एकदम ओढते आणि फुटते. पावडरवालं औषध असेल तर किलोमागं १० मिलीच्या आसपास पाणी, म्हणजे १० किलो बियाण्याला १०० मिली, एक कप चहाएवढं. एवढंसं पाणी बघून कोणाचाच विश्वास बसत नाही. पण ड्रम फिरवा, पाच मिनिटांत एकेका दाण्याला रंग लागलेला दिसेल.

ड्रम नसेल तर गावात कोणाकडं तरी असतोच, जुन्या ऑईलच्या ड्रमला आरपार तिरपा पाईप घालून हँडल लावलेला. नाहीतर ताडपत्रीवर बियाणं टाकून दोघांनी चार कोपरे धरून हेलकावे द्या, किंवा अर्ध्या भरलेल्या पोत्याचं तोंड बांधून हळू लोळवा. फावडं वापरू नका, हातानं रगडू नका. एका वेळी १० किलोच घ्या, मोजमाप सोपं जाते आणि चुकलं तर १० किलोच बिघडते.

क्रम: एफआयआर

ठाण्यातली नाही. फंगीसाईड, इन्सेक्टिसाईड, रायझोबियम. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. उलट केलं तर जिवाणू औषधाखाली दबून मरतात आणि तुमचे पैसे पाण्यात.

बुरशीनाशकात कार्बोक्झिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के हे मिश्रण सगळीकडं मिळते, किलोला ३ ग्रॅम. १० किलोला ३० ग्रॅम, एकरच्या ३० किलोला ९० ग्रॅम. स्वयंपाकघरातला वजनकाटा यासाठी आणू नका, घरातलं भांडण वेगळं आणि विषारी पावडर वेगळी, दुकानातूनच नेमक्या वजनाच्या पुड्या घ्या. पेनफ्लुफेन अधिक ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन हे पातळ येते, किलोला १ मिली, त्यात थोडं पाणी घालून फिरवायचं. दोन्हीतलं एकच घ्या.

मग कीटकनाशक, थायोमेथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिली. हे कशासाठी, तर खोडमाशीसाठी. ही माशी इतकी बारीक असते की तुम्हाला दिसणारच नाही, अळी कोवळ्या झाडाच्या शिरेतून खोडात जाते आणि आतून पोखरते, झाड वरून हिरवंगार आणि खोड चिरलं तर आत लालसर बोगदा. असं पोकळ झालेलं खोड पावसाचा खंड पडला की पाणी वर पोचवू शकत नाही. शिवाय सुरुवातीच्या पांढऱ्या माशीलाही त्यानं थोडा चाप बसतो. पण औषधाचा जोर तीन-चार आठवडेच असतो हे लक्षात ठेवा, पुढं वावरात चक्कर मारून बघावंच लागते.

हे दोन वेगवेगळे करायचा कंटाळा असेल तर अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन, थायोफिनेट मिथाईल आणि थायोमेथोक्झाम तिन्ही एकत्र असलेलं औषध मिळते, किलोला १० मिली, एकाच फेरीत काम होते. मला स्वतःला हे नवख्यांसाठी बरं वाटते, कारण जितक्या फेऱ्या कमी तितकी ओल कमी आणि तितक्या चुका कमी.

बॅग विकतची असेल तर आधी लेबल वाचा. बऱ्याच बॅगांमधलं बियाणं औषध लावूनच येते, रंगावरूनही कळते, तेव्हा तेच औषध पुन्हा लावू नका. काही बॅगांमध्ये औषधाची पुडी वेगळी टाकलेली असते आणि लोक ती बियाण्यासोबत पेरणी यंत्रात ओतून मोकळे होतात.

रासायनिक काम पेरणीच्या चार-सहा दिवस आधी करून ठेवता येते. मी तसंच करतो, आधीच्या रविवारी घरच्या ओसरीत सावलीत लावून, पातळ पसरून, पूर्ण वाळवून पोत्यात भरून ठेवतो. पेरणीच्या दिवशी पाऊस, ट्रॅक्टरवाला आणि मजूर तिघांची वेळ जुळवता जुळवता डोकं ठिकाणावर राहत नाही, तेव्हा तीन डबे घेऊन बसायची ती वेळ नसते.

जिवाणू, आणि आपलं नागपूरचं ऊन

रायझोबियम (मुळावर गाठी करणारे जिवाणू) आणि पीएसबी (जमिनीतलं स्फुरद विरघळवणारे जिवाणू) मात्र पेरणीच्या दिवशीच, पेरायच्या दोन-तीन तास आधी. लिक्विड मिळालं तर लिक्विडच घ्या, १० किलोला १०० मिली रायझोबियम, आणि तेवढंच पीएसबी. दोन्ही एका बाटलीत असलेलं मिश्रण मिळालं तर आणखी चांगलं. वेगवेगळं असेल तर एक लावून सावलीत थोडं सुकू द्या मग दुसरं. पावडरवालं पाकीट असेल तर १० किलोला २५० ग्रॅम, म्हणजे एकराला तीन पाकिटं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करा, बियाण्यावर हलकं शिंपडा आणि वरून पावडर भुरभुरवून फिरवा. गरम पाण्यात कल्चर, म्हणजे ही जिवाणूंची पावडर, घातलं की संपलं.

पाकीट घेताना त्यावर सोयाबीन लिहिलेलं बघा. तुरीचं, हरभऱ्याचं रायझोबियम सोयाबीनच्या कामाचं नाही, प्रत्येकाचा जिवाणू वेगळा. आणि एक्स्पायरी.

आता यात खरी गंमत आपल्या उन्हाची आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपुरात पारा चाळिशीच्या वर असतो. कॉटन मार्केटकडून बाटल्या घेतल्या, गाडीच्या डिक्कीत टाकल्या, मध्ये दोन कामं उरकली, संध्याकाळी गावाला पोचलो, तोवर आतले जिवाणू उकडून मेलेले. बाटली तशीच दिसते, वासही तोच, आणि चाळीस दिवसांनी मुळावर गाठी नाहीत म्हणून आपण कंपनीला बोल लावतो. मी ओल्या फडक्यात गुंडाळून थैलीत नेतो आणि गावी माठाशेजारी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो. लावलेलं बियाणंही उन्हात वाळवायचं नाही, ट्रॅक्टरच्या बोनेटवर तर अजिबातच नाही (हसू नका, पाहिलं आहे मी).

रासायनिक औषध नकोच असेल तर दुसरा रस्ता आहे. ट्रायकोडर्मा किलोला ४ ते ५ ग्रॅम, त्यावर रायझोबियम आणि पीएसबी. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, ती वाईट बुरशीला खाते, त्यामुळं रासायनिक बुरशीनाशकावर ट्रायकोडर्मा लावणं म्हणजे राखणदाराला आधी विष पाजून मग पहाऱ्यावर बसवणं. दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत देणारे दुकानदार आहेत, तुम्ही एकच रस्ता निवडा. ज्या वावरात मागच्या दोन-तीन वर्षांत मर झाली नाही, निचरा चांगला आहे, तिथं जैविक रस्ता मला पुरेसा वाटतो. जिथं झाडं मरतात हे माहीत आहे तिथं मी धोका पत्करत नाही.

अंगाची काळजी

हातमोजे, तोंडाला रुमाल, पूर्ण बाह्या. ड्रम वाऱ्याच्या दिशेनं फिरवा, तोंडावर येईल असा नाही. थायरम असलेलं औषध हाताळलं असेल तर त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी दारूला हात लावू नका, दारू सोडवायला जी गोळी देतात तिचा हा जवळचा नातेवाईक आहे, छाती धडधडते, तोंड लाल होते, उलट्या होतात. शनिवारी गावाला जाणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलं. उरलेलं लाल बियाणं कोंबड्यांना, ढोरांना, मार्केटला कुठंच जाऊ देऊ नका.

पेरताना

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मृगाच्या पहिल्या सरीनं मातीचा वास आला की हात शिवशिवतात, पण कोरड्या मातीत पडलेल्या बियाण्यावरचे जिवाणू आधी मरतात आणि मग बियाणंही. कपाशीची धूळपेरणी करणारे आहेत, सोयाबीनची नाही. खोली ३ ते ४ सेंटीमीटर, बोटाचं दीड पेर. ट्रॅक्टरवाला घाईत असला की बी पार खाली जाते, वरून पाऊस येऊन पापडी धरली की कोंबाची मान मोडते, म्हणून पहिल्याच ओळीला स्वतः उकरून खोली बघा आणि लाज न बाळगता ट्रॅक्टर थांबवा. जमलं तर रुंद वरंबा-सरीवर पेरा, नाहीतर निदान दर चार ओळींनंतर एक सरी काढा. जास्त पावसात पाणी बाहेर जाते, कमी पावसात तीच सरी पाणी जिरवते, आणि बीजप्रक्रियेनं वाचवलेल्या मुळाला खाली जायला मोकळी जागा मिळते.

आणि पिवळं दिसलं की युरिया फेकायची सवय सोडा. जास्तीचं नत्र मिळालं की झाड गाठी धरायचा त्रास घेत नाही.

चाळिसाव्या दिवशी

जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, ओल असताना, खुरप्यानं माती सैल करून दोन-चार झाडं अलगद काढा. ओढून उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं बादलीत धुवा, एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर जिवाणू काम करून राहिले. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसतीच गाठ आहे. लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीच्या पदार्थाचा असतो, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पाचेक झाडं उगाचच उपटली होती.

फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना पावसानं ओढ दिली तर विहिरीचं पाणी असेल तर एक पाळी द्या, नसेल तर डवरा (कोळपं) मारून भेगा बुजवा आणि १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट १० लिटरला १०० ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा.

एक राहिलं. पेरताना दोन तासं (ओळी) मुद्दाम बिनाप्रक्रियेची पेरा, तेवढं बियाणं ड्रममध्ये घालायच्या आधीच काढून ठेवा आणि शेवटी पेरा. चाळिसाव्या दिवशी दोन्हीकडचं एकेक झाड शेजारी ठेवून मुळाची लांबी, गाठी, खोड आतून बघा, तुमच्या जमिनीत या खर्चातून किती मिळते ते मला विचारायची गरज राहणार नाही. फक्त ती दोन तासं नेमकी कुठं आहेत ते विसराल, तेव्हा धुऱ्यावर (बांधावर) पळसाची जाड काडी रोवून तिला लाल चिंधी बांधा. मी नुसती काडी रोवली होती, ती कोणीतरी चुलीत घातली.